बाहेरून कडी

“वरची कपाटं काचेचीच हवीत,” आई म्हणाली. “आतला डबा न् डबा दिसला पाहिजे.”

किचनवाल्याने लॅपटॉपवरची लाकडी दारं पुसून टाकली आणि काचा बसवल्या. घरोघरची स्वयंपाकघरं आखून देणं हाच त्याचा धंदा. एक बोलणारी आणि एक गप्प बसणारी, अशा जोड्या त्याने पुष्कळ पाहिल्या असाव्यात. तो गप्प बसलेल्या लेकीकडे वळला.

“काचेवर तेलाचा थर धरतो हं, ताई. सारखी पुसावी लागते.”

“पुसेल ती,” आई म्हणाली. “तेवढं काही जड नाही तिला.”

नवऱ्यापासून वेगळी होऊन लेक माहेरी परतली होती. सोबत कपडे, पुस्तकं आणि मोडलेल्या संसारातली भांडी. भांड्यांची खोकी अजून पलंगाखालीच होती, कारण आईच्या स्वयंपाकघरात आईशिवाय कुणाचं काही चालत नसे. “मध्ये मध्ये करू नकोस, हो बाजूला,” हे वाक्य लेक कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. म्हणून आईने आपण होऊन जुना ओटा तोडायचं काढलं तेव्हा तिला वेडी आशा वाटली. एखादा खण, ओट्याचा एखादा कोपरा आपल्या वाट्याला यावा. मग या घराला आपलं म्हणता आलं असतं. केस पिकायला लागले तरी आईकडे ती पाहुणीच होती.

पण अलीकडे आईचा सूर बिघडला होता. साखरेचा डबा सापडला नाही की “तू हलवलास”. दूध करपलं की “तू मला बोलण्यात गुंतवलंस”. आणि मग ती दुपार. लेक ऑफिसातून लवकर परतली, तर जिन्यातच गॅसचा वास. ती धावत आत गेली, बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. आई पलंगावर पेपर वाचत पडली होती. वास तिला आलाच नव्हता.

“सकाळी पाणी तूच तापवलंस,” ती पेपरातून डोकं न काढता म्हणाली. “जीव घेशील एखाद दिवशी माझा.”

लेकीने पाणी तापवलं नव्हतं. पण आई इतकी ठामपणे बोलली की रात्रभर ती आपलीच सकाळ आठवून आठवून तपासत राहिली.

आता ती आईची एकेक मागणी मनात मोजत होती.

“ओट्याची उंची आम्ही कोपरावरून धरतो,” किचनवाला टेप ओढत म्हणाला. “मावशी, उभ्या राहता का जरा?”

“हिचा कोपर मोजा. उद्या कंबर धरली की माझ्या नावानं खडे फोडेल.”

लेक टेपसमोर उभी राहिली. क्षणभर तिला बरं वाटलं.

“सुऱ्यांच्या खणाला कुलूप,” आई पुढे म्हणाली. “आणि गॅसचा मेन कॉक बाहेर घ्या. पॅसेजमध्ये.”

“बाहेर?”

“बाहेरच. कोण कधी काय चालू ठेवून जाईल, सांगता येतं का?”

लेकीने मान खाली घातली. किचनवाल्याला अवघडल्यासारखं झालं. हसून तो म्हणाला, “मावशी, स्वयंपाकघर बांधताय की तिजोरी?”

“तिजोरी जळाली तर पैसे जातात,” आई म्हणाली.

त्याचं हसू तिथेच विरलं. तो टाइप करू लागला.

“आणि दाराला कडी. बाहेरून.”

लेकीला वाटलं, आपल्याला रडू येईल. आला तो राग.

“कडी कशाला, आई? सरळ सांग ना, माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस म्हणून. आज कडी लावशील, उद्या तिला कुलूप घालशील.”

“लागलं तर तेही घालायचं.”

“वा! म्हणजे मी या घरात चोर, नाहीतर खुनी. माझी खोकी भरलेलीच आहेत. उचलते आणि जाते.”

एरवी आईने शब्दाला शब्द दिला असता. “जा की, अडवलंय कुणी,” हे तर तिच्या जिभेच्या टोकावरच असे. आज तिने नुसते मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकवले. त्या गप्प बसण्याची लेकीला रागापेक्षा जास्त भीती वाटली.

किचनवाल्याला पळवाट हवी होती. तो पेन्सिल घेऊन दाराशी गेला. “कडी किती उंचीवर बसवू तेवढं सांगा. बाकीचं मी घरी करतो.”

आई उठली. चपला बाजूला सारून ती चौकटीशी उभी राहिली. टाचा उचलल्या आणि हात वर ताणला, माळ्यावरचं काही काढायचं असावं तसा. बोटांची टोकं जिथे टेकली, तिथे किचनवाल्याने रेघ मारली.

“इथे बसवू?”

“इथे नको,” आई म्हणाली. “अजून वर घ्या, हिचा हात जाईल तिथे. इथवर माझा पोचतो.”