रजा कशाची?

सेलूच्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचणाऱ्या दैवशालाला फौजी नवऱ्याचा फोन आला: सुट्टी रद्द झाली, दुपारच्या गाडीनं सीमेवर निघतोय. ती तशीच मुकादमाकडं धावली. हातात चिमूटभर कापूस राहिला होता, तोच ती तळहातांवर चोळत उभी राहिली. “तासभर सोडा, मामा. टेशनावर जाऊन येते.” “फौजेत तुझा नवरा हाय, तू न्हाईस. सुट्ट्या त्याला असतात,” मुकादम म्हणाला. “घरात कुनी आजारी हाय? लगीन हाय? मयत झालीय?” “न्हाई.” “मग रजा कशाची देऊ?” लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली तशी दैवशालाचे पाय जागेवर ठरेनात. “आता गेलीस तर उद्यापासून येऊ नको.” तिनं मूठ उघडली. चोळून चोळून कापसाची वात झाली होती. “मयतीची रजा मागायची पाळी येऊ नये,” दाराकडं वळत ती म्हणाली, “म्हणूनच ओवाळायला चाललेय.”