गाणं चालू असेपर्यंत

उसात बिबट्या दिसल्यापासून सोमनाथ रोज दिवेलागणीला बांधावरच्या स्पीकरवर तेच एक गाणं लावायचा. डोंगरातल्या त्या जुन्या गाण्यावर नाशिकच्या एका बँडनं गिटार आणि ड्रम चढवले, त्याला वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी त्याच्याशिवाय इथली एकही हळद रंगत नाही. शब्दांचा अर्थ कोणालाच कळत नाही, पाय मात्र आपोआप थिरकतात. एवढ्या दणदणाटात जनावराची काय बिशाद जवळ यायची! आरोहीला, आपल्या लेकीला, त्यानं बजावूनच ठेवलं होतं, "गाणं चालू असेपर्यंत बाहेर खेळ. बंद झालं की घरात."

तरी पावलांचे ठसे रोज थोडे अलीकडे उमटू लागले. सोमनाथनं आवाज आणखी वाढवला.

आज धाकट्या भावाची होणारी सासू, डोंगरातल्या पेठची सरुबाई, घर बघायला आली होती. गाणं सुरू होताच तिनं चहाची बशी खाली ठेवली आणि हात जोडले.

"तुमच्याकडंबी म्हणतात का हे?"

"बिबट्याला हाकलायला लावतो, मावशी."

"हाकलायला?" सरुबाईला हसू आलं. "वाघदेवाला जेवायला बोलवायचं गाणं हाय हे, दादा. ये, तुझं ताट वाढलंय, असं म्हणतात त्यात. तुम्ही ताट कुठं ठेवलंय?"

 

सोमनाथनं बांधाकडं पाहिलं. स्पीकरसमोर आरोही एकटीच नाचत होती.