तिसरा प्रश्न

"कुणाला काही विचारायचं असेल तर विचारू शकता," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

हे म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही यावं, कुणीही विचारावं, असा नियम आहे. पण विचारतंय कोण? गाइडनं आदल्या दिवशीच दोन पोरांना दोन प्रश्न लिहून दिलेले असतात. ते दोघं उठले, पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि बसले. संघप्रियानं दोघांनाही इंग्रजीत नीट उत्तरं दिली.

तासभर ती बोलत होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रज कवयित्री. कित्येक वर्षं बंद खोलीत आजारानं पडून राहिलेली, पडल्या पडल्या कविता लिहिणारी, आणि मग एक दिवस उठून, घर सोडून, परदेशात जाऊन नव्यानं जगणारी. प्रबंधाचा विषय एवढाच. समोर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीला तिनं हात लावला नव्हता. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं आणि आजचं तिचं सकाळीच संपलं होतं. डाव्या हातावरची पट्टी लांब बाहीत झाकली होती. उद्या शुक्रवार, पुन्हा मशीन.

"झालं तर मग," अध्यक्ष म्हणाले.

"मला इचारायचं हाय."

सगळी डोकी मागं वळली. शेवटच्या रांगेत संघप्रियाची आई उभी होती, आक्काताई. पेठ वडगावहून सकाळच्या एसटीनं आलेली, ठेवणीतली पांढरी साडी नेसून. एक पोरगा फिसकन हसला. बरं नाही केलं त्यानं. तासाभरातलं अक्षर तिला कळलं नव्हतं हे खरं, पण त्या बाईची गोष्ट तिला पाठ होती. पाच वर्षं भाकरी थापता थापता तिनं ती लेकीच्या तोंडून ऐकली होती.

"विचारा मावशी," अध्यक्ष म्हणाले. माणूस बरा होता.

आक्काताईनं लेकीकडं बघितलंच नाही. तिनं बघितलं शेजारी बसलेल्या लेकाकडं. प्रसेनजीतच्या मांडीवर पेढ्यांचं खोकं होतं.

"त्या बाईला भाऊ हुता का?"

प्रसेनजीतची मान खाली गेली. आक्काताईची किडनी साखरेमुळं डॉक्टरांनी नको म्हटली होती. त्याची जुळत होती. पंधरा दिवसांपूर्वी तसा रिपोर्ट आला, आणि तेव्हापासून तो नुसतं 'बघू' म्हणत होता. कागलला फौंड्रीत वजन उचलायचं काम, पोरगी दोन वर्षांची, बायको मोना रडून रडून अर्धी झालेली. घाबरला होता बिचारा, आणि घाबरणं काही गुन्हा नाही. पण घरात आईनं विषय काढला की तो चप्पल घालून बाहेर पडायचा. इथून बाहेर पडता येत नव्हतं. म्हातारीनं जागा बरोबर धरली होती.

"मावशी, जरा विषयाला धरून..." गाइड म्हणाले.

"धरूनच हाय की. ती एवढी आजारी. मग भाऊ काय करत हुता?"

संघप्रियाला आईचा भयंकर राग आला. आणि त्या रागाहून जास्त तिला जगावंसं वाटलं. 'भाऊ होते, त्यांनी तिला जपलं,' एवढं बोलली असती तरी खोटं नव्हतं. एवढ्या माणसांत प्रसेनजीतला मान वर करावीच लागली असती. तो हो म्हणाला असता. तिला पक्कं माहीत होतं.

तिनं मराठीत उत्तर दिलं, आजवर आईला कधी न सांगितलेलं.

"होते. बरेच होते, पण एक फार लाडका. हवापालट म्हणून तिला समुद्राकाठी नेलं, तेव्हा तो सोबतीला गेला. घरची त्याला परत बोलावत होती. हिनं रडून रडून ठेवून घेतला."

"मग?"

"एक दिवस होडी घेऊन गेला आणि बुडाला."

"ती काय म्हणली?"

"माझ्यामुळं गेला, म्हणाली. मी ठेवून घ्यायला नको होतं." आता ती भावाकडंच बघत होती. "पुढं त्याच्याविषयी बोलणंसुद्धा तिला कधी जमलं नाही."

आक्काताई उभीच होती. "आन् ती उठली कवा?"

"सहा वर्षांनी."

"सहा," आक्काताई म्हणाली. मशीनवर लेकीची फार तर दोन वर्षं निघतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती खाली बसली.

मग अध्यक्षांनी पदवीची शिफारस वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, परीक्षकांना शाल दिली. प्रसेनजीत खोकं घेऊन सगळ्यांत आधी बहिणीपुढं आला.

"घ्या, डॉक्टर."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो तिच्या डोळ्याला डोळा देऊन हसला. केवढा हलका झाला होता तो. तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी उद्याचं मशीनही आठवलं. तिनं पेढ्याचा कण मोडून तोंडात टाकला. कोरड्या घशात तो उतरेना.

"पाणी देऊ, ताई?"

"नको. आजचं संपलंय."

"बरं," तो म्हणाला. टेबलावरची बाटली त्यानं उघडली आणि तिच्यासमोरच उभ्या उभ्या, घटाघटा, सगळी पिऊन टाकली.