खरं की रचलेलं

"पुढचं कोण?" सरांनी विचारलं.

नर्स उठली. ड्यूटीवरून थेट आली होती, डोळ्यांत जागरण दिसत होतं. अभिनयाच्या या वर्गात येऊन तिला दोन महिने झाले होते, पण आपण होऊन ती आज पहिल्यांदाच पुढे येत होती.

खेळ साधा होता. एकाने स्वतःच्या आयुष्यातला म्हणून एक प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी तो खरा की रचलेला ते ओळखायचं. सर तीस वर्षं हा खेळ घेत होते. स्वतः मात्र एकदाही खेळले नव्हते.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबांनी मला स्टेशनातल्या बाकावर बसवलं. पाणी घेऊन येतो म्हणाले. आलेच नाहीत."

एवढंच सांगून ती थांबली.

"खरं," वर्गातला एक सुतार म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

"रचलेलं," सर म्हणाले. "पाण्याचं निमित्त कच्चं आहे. पाणी आणायला दोन मिनिटं लागतात. तिसऱ्या मिनिटाला पोर शोधायला उठेल. ज्याला खरंच निघून जायचंय, तो असं बोलणार नाही."

"मग कसं बोलेल?"

"ते सांगून कळायचं नाही. बस इथे."

सांगण्यापेक्षा करून दाखवायचं, ही सरांची जुनी खोड. त्यांनी भिंतीजवळचं बाक मधोमध ओढलं. ती बसली. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. तिच्या बुटाची नाडी त्यांनी सोडून पुन्हा बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. घाई कसली म्हणून नव्हती.

"डोळे मीट," ते हळूच म्हणाले. "शंभरपर्यंत मोज. मधे चुकलीस तर परत एकपासून. मोजून झालं की मी समोर असेन."

तिने डोळे मिटले. सर उठले, तिच्याकडे बघत चार पावलं मागे सरकले, मग वळून दाराबाहेर गेले.

ते आत आले तेव्हा टाळ्या चालू होत्या. सुतार नाक पुसत होता.

"बघितलंत?" सरांना थोडी धाप लागली होती. "खोटं असं उभं करायचं असतं." ते नर्सकडे वळले. "आता सांग, तुझं काय चुकलं?"

"पाणी," ती म्हणाली. "ते मी मुद्दाम घातलं होतं."

तिने डोळे उघडले.

"पण शंभर नाही, बाबा. तुम्ही दोनशेपर्यंत मोजायला सांगितलं होतं."