धुराची नळी

मुंजाजी मिस्तरी विहिरीतून वर आला तो इंजिनाचा प्लग खिशात घालूनच.

दिंद्रुडजवळच्या त्या वाडीत सोसायटीची गुरांची छावणी होती. दोन वर्षं पाऊस नव्हता. टँकर तीन दिवस फिरकला नव्हता, सोसायटीचं डिझेल इंजिन बंद पडलं होतं. विहिरीत साठ फुटांवर पाणी होतं. पोहऱ्यानं माणसांपुरतं निघे. दोनशे जनावरांना कुठून पुरणार? चेअरमन आप्पारावांनी पंचवीस वर्षं जपलेल्या आपल्या जावा मोटारसायकलचं इंजिन काढून दिलं. मुंजाजीनं ते पंपाला जोडलं. पण एवढ्या वरून पंप पाणी ओढेना. मग इंजिन विहिरीतच, पाण्यालगतच्या कपारीवर बसवावं लागलं.

"चालू कर की बे," आप्पाराव ओरडले.

"धुराला नळी पायजे, चेअरमन. सायलेन्सरपासून पार वरपर्यंत. माजलगावहून पाइप आणतो."

"वर आभाळ मोकळं हाय! धूर जाईल निघून. तू प्लग दे."

"न्हाई देत."

त्यानं सायकलवर टांग टाकली. मागून शिव्या आल्या. एक दगडही आला. तो थांबला नाही.

कौशल्याबाई दावणीपाशी बसून हे बघत होती. घरात ती आणि तिची गाय, तिसरं कुणी नव्हतं. गाय सकाळपासून आडवी झाली होती. आपल्या वाटणीच्या तांब्यातलं पाणी कौशल्याबाई पदरानं तिच्या जिभेला लावत होती. दुपारी गायीनं मान टाकली. कौशल्याबाई रडली नाही. ओला पदर हातात धरून तशीच बसून राहिली.

ऊन कललं तेव्हा जीपवर पाइप बांधून मुंजाजी आला. तो थेट खाली उतरला. जावाच्या दोन्ही सायलेन्सरना त्यानं पाइप जोडले, ते काठावर आणून बांधले. खिशातला प्लग बसवून, किक मारून तो लगेच वर आला. नळ्यांच्या तोंडांतून निळा धूर निघाला, आणि हौदात पाणी पडलं. जनावरांची एकच झुंबड उडाली. माणसं हसली, आप्पारावांनी डोळे पुसले.

कौशल्याबाई उठून मुंजाजीसमोर उभी राहिली.

"माझी गाय गेली. तवाच पाणी काढलं असतंस तर वाचली असती. कावून एवढा हट्ट केलास?"

मुंजाजीनं काळे हात धोतराला पुसले.

"मावशी, तीन वर्षांमागं आमच्या गावात असंच इंजिन विहिरीत उतरवलतं. माझा धाकटा भाऊ शहादेव चालू करायला गेला, धूर खालीच कोंडला, तो वर आला न्हाई. त्याला काढायला बाप उतरला. तोबी न्हाई आला."

"इंजिन कुणी बसवलतं?"

"मीच. पाइप उद्या लावू, म्हणलतो."