आईला पसंत पडेल अशी गाडी

"ही फारच गप्प आहे," पुढच्या सीटवरून आई म्हणाली. "घरातलं माणूस गप्प झालं तरी मला घोर लागतो. गाडीच गप्प असेल तर काय करायचं?"

"आई, इलेक्ट्रिक आहे ती. तिला इंजिनच नाही." चष्मेवाला दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून सिग्नल सुटायची वाट पाहत होता.

"रोज चार्जिंगला लावायची ना? मोबाइल लावायला विसरतोस तू. पुढची दाखवा."

मागच्या सीटवर त्याच्या बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवून हसू दाबलं. तिच्या शेजारी शोरूमचा सेल्समन बसला होता. टक्कल, टाय आणि न संपणारा धीर. त्यानं वहीत आणखी एका गाडीवर काट मारली. ही चौथी.

मंगळवारी चष्मेवाल्याचं चष्म्यांचं दुकान बंद असायचं. सलग चार मंगळवार तिघं इथं येत होते.

खरं तर गाडी हे निमित्त होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई घराबाहेर पडेना. डॉक्टर म्हणाले, गुडघा उत्तम आहे, आता चाललं पाहिजे. पण तिची धाव गॅलरी ते स्वयंपाकघर. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली, एका शिट्टीत शंभर पोरं सरळ करणारी बाई दिवसभर खुर्चीत बसून राहायची. काही म्हटलं की, "पडले तर?"

तोडगा काढला बायकोनं. "मोठी गाडी घ्यायचीय म्हणू या. आईंना विचारल्याशिवाय या घरात केरसुणीसुद्धा येत नाही. निवडायला येतीलच."

आई आली, पण पहिल्याच दिवशी तिनं अट घातली.

"परक्या माणसाच्या भरवशावर मी बसणार नाही. चालवायची तर तूच."

चष्मेवाल्याच्या तळहातांना घाम फुटला. एवढी मोठी गाडी, कधी न पाहिलेली बटणं. तो रोज बसनं दुकानात जायचा, थांबा घराच्या दारातच होता. घरची जुनी छोटी गाडी खाली कव्हर घालून उभी असायची, तीत आईला गुडघा वाकवून बसता येत नव्हतं. पण आता आई काठी टेकून गाडीच्या दाराशी उभी होती. दोन महिन्यांनी घराबाहेर पडलेली. नाही कसं म्हणणार? तो बसला. शोरूमच्या मागच्या गल्लीतून त्यानं एक चक्कर मारली.

"याहून मी चालत लवकर पोचले असते," आई म्हणाली.

दुसऱ्या मंगळवारी ते हमरस्त्याला लागले. ती पेट्रोलची गाडी आईला बडबडी वाटली. तिसऱ्या मंगळवारी मोठ्या पुलावर गेले. त्या गाडीला सीटची तिसरी रांग होती. "मागे कुणाला बसवणार, रुसलेल्यांना?" म्हणून तीही बाद झाली. बाई नाकानं कांदे सोलत होती, पण रंगात आली होती. सोमवारपासूनच साडी काढून ठेवायची. चष्मेवाला मनातून हरखून गेला. आई नापसंत करत राहो, असंच त्याला वाटायचं.

पाचव्या मंगळवारी सेल्समननं हायब्रीड काढली.

"हळू चालली की बॅटरीवर चालते आजी, चढ आला की इंजिन मदतीला येतं. ब्रेक दाबला की बॅटरी भरते. चार्जिंगची कटकटच नाही."

"म्हणजे सासर-माहेर दोन्ही सांभाळणारी," आई म्हणाली. "हिला टेकडीवर घे. चढावर खरं काय ते कळेल."

टेकडीचा रस्ता अरुंद, अठरा वळणांचा. पहिल्या वळणाला चष्मेवाल्यानं श्वास रोखला. पाचव्याला सोडला. दहाव्याला पुढे एक ट्रक धापा टाकत चालला होता. चष्मेवाल्यानं हॉर्न दिला आणि गाडी झोकात पुढे काढली. मागून बायकोनं टाळीच वाजवली.

वर पोचल्यावर आई उतरली आणि कठड्यापर्यंत चालत गेली. परत आली, पुन्हा गेली. काठी गाडीतच राहिली होती. चष्मेवाल्याला भरून आलं. टेकडी उतरताना तो चक्क शीळ घालत होता.

"पसंत," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच शोरूममध्ये गेला. सेल्समनसमोर बसला तरी त्याची नजर वर होईना.

"तुमची माफी मागायला आलोय. पाच आठवडे तुम्हाला फुकट राबवलं. आम्हाला गाडी घ्यायचीच नव्हती हो. आईला घराबाहेर काढायचं म्हणून हे नाटक केलं. पण आता खरंच घ्यायचीय. कालची हायब्रीड. सुट्टीत तिला लांब फिरवून आणीन म्हणतो. तुमच्यामुळे माझी आई चालायला लागली."

सेल्समन आधी गालात हसला, मग इतका हसला की त्याला रुमाल काढून डोळे पुसावे लागले.

"साहेब, तुमच्या आई रोज सकाळी या काचेसमोरून चालत जातात. तळ्यापर्यंत दोन फेऱ्या. तुमची बस गेली की निघतात म्हणे."

"कधीपासून?"

"दोन महिने तरी झाले. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी त्या तुमच्या मिसेसना घेऊन आत आल्या. म्हणाल्या, 'उद्या मुलाला आणते. गाडी घ्यायची नाहीये, आधीच सांगते. पण त्या अपघातानंतर वर्षभर पोरानं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. स्वतःसाठी नाही लावणार, माझ्यासाठी लावेल.'"