आधीच नोंदलेला नंबर

शांताबाई वेबसाइटवरच्या अर्जात एका बोटानं नाव टाइप करत होत्या आणि राधिका शेजारी बसून बघत होती. मध्ये बोलायचं नाही, बाई कुठं अडखळतात तेवढंच टिपायचं, हे तिचं काम. रायपूरच्या समता कॉलनीतल्या या नोकरदार बायकांच्या होस्टेलची नवी वेबसाइट शंकर नगरातल्या तिच्या ऑफिसनं बनवली होती. सोमवारपासून ती सुरूही झाली होती.

फाटक वाजलं म्हणून शांताबाई उठून बाहेर गेल्या. होस्टेलची सगळी व्यवस्था त्याच बघत.

“कोण पाहिजे?”

“सात नंबरचा कमरा.”

“गड्यांले आत मनाई आहे, भैया. पहिले नाव सां...”

पुढचे शब्द आले नाहीत. राधिका धावत बाहेर आली. शांताबाई पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचा पंजा मनगटापासून भलतीकडेच लोंबत होता. लोखंडी सळाख घेतलेला एक माणूस जिना चढत होता. त्याला घाई नव्हती. कुठं जायचं ते त्याला ठाऊक होतं.

सात नंबरचं दार दुसऱ्या घावात फुटलं. आत इंदू झोपलेली होती. ती एका दवाखान्यात रात्रपाळी करायची.

“काहून पळाली?” तो माणूस म्हणाला. “नवरा आहो मी तुहा, मेलो होतो काय?”

सळाख तिच्या खांद्यावर बसली, मग पाठीवर. इंदूनं त्याच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. त्यानं तिचे केस धरले आणि डोकं पलंगाच्या दांडीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा.

मागोमाग धावत आलेली राधिका दारात उभी होती. शेजारच्या खोलीतल्या प्रेमलानं तिला बाजूला ढकललं. प्रेमलाच्या हातात गॅसवरून उतरवलेला, वरणानं भरलेला उघडा कुकर होता. तो तिनं दोन्ही हातांनी त्याच्या कानशिलावर हाणला. उकळतं वरण त्याच्या मानेवरून शर्टात उतरलं. गुरासारखा ओरडत तो गुडघ्यावर आला आणि मग बायका त्याच्यावर तुटून पडल्या. कुणाच्या हातात कपडे धुवायची मोगरी होती, कुणी प्लास्टिकची खुर्ची उचलली होती. एकीनं त्याची मान धरून तोंड फरशीवर घासलं. तो गप पडला, तरी हात थांबेनात.

“बस,” इंदू कशीबशी म्हणाली. “मरून जाईल तो.”

कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्याला बांधलं. पोलीस आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. जिन्यावरून त्याचा आवाज येत होता, “माह्या भावालेही मालूम आहे तू कुठं रायते ते! सिलतऱ्याच्या कारखान्यातून पोट्टे घेऊन येईल तो!”

इंदूचा एक डोळा पार मिटला होता. दुसऱ्यानं ती शांताबाईंकडे बघत राहिली.

“कमऱ्याचा नंबर तुम्हीच सांगतला ना त्याले?”

“नाही वो पोरी. मी तर त्याले फाटकातच...”

“तुमच्याबिगर कोणाले मालूम होता?”

शांताबाई मोडका हात छातीशी धरून रडू लागल्या. एकीनं त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास खिडकीतच ठेवून दिला.

त्या माणसाचा मोबाइल पलंगाखाली पडला होता. पोलिसांना द्यावा म्हणून राधिकानं तो उचलला. काच तडकली होती, पण पडदा अजून चालू होता. त्यावर होस्टेलचा अर्ज उघडा होता. चौकटीत इंदूचा मोबाइल नंबर आणि खाली लाल अक्षरं: ‘यह नंबर पहले से दर्ज है. इंदू वानखेड़े, कमरा नं. ७.’

आधी उघडलेल्या पानांवर रायपुरातली दुसरी होस्टेलं होती. तिथंही त्यानं हाच नंबर टाकून पाहिला होता. तिथं त्याला काही कळलं नव्हतं.

ती लाल ओळ राधिकानंच घालायला लावली होती. आधीच्या चाचणीत मुली तोच नंबर दोनदा भरायच्या आणि ‘अमान्य’ वाचून गोंधळायच्या. नुसतं चूक म्हणू नका, नेमकं काय चुकलं ते दाखवा, असं तिनं लिहून दिलं होतं.

पान बंद करायला तिचा अंगठा फुलीच्या खुणेपर्यंत गेला. खोलीत कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. शांताबाई भिंतीला टेकून हुंदके देत होत्या.

“त्यांनी नाही सांगितलं,” राधिका म्हणाली. “आमच्या साइटनं सांगितलं. मीच तसं करायला लावलं होतं.”

तिनं पडदा इंदूपुढे धरला. इंदूनं ती ओळ एका डोळ्यानं सावकाश वाचली. मग धड असलेल्या हातानं राधिकाच्या तोंडात मारली. राधिकाचा ओठ फुटला. तिला कुणी सावरलं नाही.

“बंद कर ते,” इंदू म्हणाली.

राधिकानं साइट बनवणाऱ्या परागला फोन लावला.

“बंद? आत्ता?” पराग म्हणाला. “काहून, काय बिघडलं?”

“काही बिघडलं नाही.” तोंडातलं रक्त तिनं गिळलं. “सांगितलं तशीच चालून राहिली.”

खाली प्रेमलानं दवाखान्यात जायला ऑटो थांबवला होता. शांताबाई आधी बसल्या. मागून इंदू आली ती भरलेली बॅग ओढत. खोलीत तिचं म्हणून काही उरलं नव्हतं.

“वापस नाही येणार काय वो?” शांताबाईंनी विचारलं. “मंग कुठं जाशील?”

इंदूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकात उभ्या राधिकाकडे.

“चलो, भैया,” ती ऑटोवाल्याला म्हणाली.